खुब्यातले तीन खिळे

दिवाळी मागे पडली की रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागतो. पूर्वी बैलगाड्यांतून, आता टेम्पोंतून, भरून चाललेल्या ढिगातला काट्यांनी जाता जाता ओढून घेतलेला. दोन-तीन आठवडे तो तसाच लोंबतो, धुळीने आधी पिवळट आणि मग मातकट होतो, आणि एखाद्या सकाळी पाखरांनी घरट्यांसाठी नेलेला असतो. लहानपणी मला ही झाडं फुलली आहेत असंच वाटायचं. परवा वाटूरकडून एसटीने येताना खिडकीतून त्या बाभळी दिसल्या आणि उजव्या खुब्यात ओळखीची कळ आली. तिथे तीन खिळे आहेत. थंडी पडू लागली की ते जागे होतात. दर वर्षी या दिवसांत माय मला विचारायची, "आली का गं?" जणू कुणी पाहुणी यायची होती. मी "आली" म्हटलं की ती तेल गरम करायला उठायची. यंदा विचारायला ती नाही. श्रावणात गेली.

तिची पत्र्याची पेटी उघडायला मी दिवाळीपर्यंत वेळ लावला. आत दोन लुगडी, अण्णांचा रेल्वेचा पितळी बिल्ला, माझा दहावीचा निकाल, आणि तळाशी बियाण्यांच्या कंपनीची प्लास्टिकची पिशवी, दोऱ्याने घट्ट बांधलेली. पिशवी अलीकडची होती, फार तर चार-पाच वर्षांपूर्वीची. आतल्या वस्तू मात्र माझ्या शाळेच्या दिवसांतल्या होत्या. एक एक्स-रे आणि दवाखान्याचं एक कार्ड. या दोन्ही वस्तू औरंगाबादच्या दवाखान्यातच ठेवून घेतल्या, असं मायने तेव्हा आम्हाला सांगितलं होतं.

कार्ड इंग्रजीत आहे. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. ते वाचायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. त्यानंतर किती वेळ मी पेटीपाशी बसून होते ते मात्र सांगता येणार नाही. दिवाबत्तीची वेळ झाली तेव्हा उठले.

बहात्तरचा दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली होती. जालना जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, आमचं परतूर परभणी जिल्ह्यात होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, स्टेशनवर पॉइंट्समन होते. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते मास्तर ठरवायचे आणि अण्णा तो जड दांडा ओढून रूळ जोडायचे. माय हंगामात कापूस वेचायला जायची. आमच्या घरात अण्णा पहिले शिकलेले, चौथीपर्यंत. त्यामुळे लिहिलेल्या कागदाचा घरात मोठा मान. वाण्याकडून साखर ज्या कागदात यायची तो कागदसुद्धा चुलीत घालायची सोय नव्हती. माय तो झटकून माझ्यापुढे धरायची. "काय लिवलंय, वाच." मी वाचायचे. कुठल्या तरी गावच्या लग्नाची बातमी, अर्धी कविता, औषधाची जाहिरात. ती सगळं सारख्याच गंभीर चेहऱ्याने ऐकायची आणि मग कागद बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवायची.

मी खो-खो खेळायचे. नुसतं खेळायचे म्हटलं तर कमी होईल. शाळेच्या मैदानातल्या दोन खांबांपैकी स्टेशनच्या बाजूचा खांब माझा होता, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. पळणारी मुलगी वाकून खांबाला वळसा घालायला गेली की मी खांबाला हात घालून सूर मारायचे आणि तिच्या टाचेला बोट लागायचंच. बोट लागल्यावर तोंडात माती जायची. त्या मातीची चव मला अजून ठरवून आठवता येते, थोडी खारट, थोडी गंजलेल्या लोखंडासारखी.

खेळाच्या बाई नगरकडच्या होत्या. पाचवारी साडीचा पदर खोचून, पायात कॅनव्हासचे बूट घालून त्या मैदानात उभ्या राहिल्या की रस्त्यावरची माणसं सायकली थांबवायची. बाई फार बोलायच्या नाहीत, पण एका गोष्टीवर अडून बसायच्या. खो देताना पाठीवर हात आणि तोंडाने शब्द, दोन्ही एकाच वेळी झालं पाहिजे. नुसता हात लावला तर तो खो नाही. "जी बसलीय तिला मागचं दिसत नाही," त्या म्हणायच्या. "तिने कशाच्या जोरावर उठायचं? शब्द द्या तिला." मी त्यांच्याकडून आणखीही पुष्कळ शिकले असेन, आठवतं ते एवढंच.

कार्तिकात विभागीय सामने होते, औरंगाबादला. आमच्या शाळेचा मुलींचा संघ पहिल्यांदाच तिथवर पोचला होता. त्याआधीच्या रविवारी मी मायबरोबर वेचणीला गेले. संध्याकाळी गाडी भरताना कुणीतरी वर चढून कापूस तुडवावा लागतो, नाहीतर अर्ध्या कापसातच गाडी भरल्यासारखी दिसते. हे काम हलक्या अंगाच्या पोरीचं. "चढ गं रत्ने," माय खालून म्हणाली, "तुझ्यासारखं कोण नाचणारंय?" बायका हसल्या. मी चढले. कापसावर उभं राहणं म्हणजे पाय कुठेच न टेकणं. मी गुडघ्यापर्यंत रुतायचे, उपसून निघायचे, परत रुतायचे. खाली बायका तोंडात पदर धरून हसत होत्या आणि मी त्यांना खांबावरचा सूर करून दाखवला. खांब नव्हता, एवढंच मी विसरले. खालची जमीन नांगरलेली असती तरी वाचले असते. गाडीवाट होती.

दवाखान्यातलं फार आठवत नाही. खुब्याच्या सांध्यापाशी हाड मोडलं होतं, तिथे तीन खिळे घातले. निघताना डॉक्टरांनी मायला आणि अण्णांना समोर बसवून सांगितलं, तीन महिने पाय टेकवायचा नाही, कुबड्यांवर चालली तरी उजवा पाय अधांतरी. नंतर परत या. मी एकच विचारलं, खेळता येईल का. ते तीन महिन्यांनी सांगू, म्हणाले. म्हणजे माझा सगळा हंगाम त्या एका उत्तराच्या वाटेवर पडून होता. सामने माझ्यावाचून झाले आणि आमच्या मुली पहिल्याच फेरीत हरून आल्या. बाई घरी आल्या, बाजेच्या काठावर बसल्या. "पुढच्या वर्षी खांब तुझा," म्हणाल्या. "मी दुसरीला देत नाही." माय चहा घेऊन दारात उभी होती. तिनेही ते ऐकलं.

बाजेवरून घरातलं जे दिसतं ते उभ्या माणसाला कधी दिसत नाही. पत्र्याला पडलेली भोकं आणि त्यातून दिवसभर भिंतीवरून चालणारे उन्हाचे रुपये. कणगीच्या मागे मायने कोळशाने ओढलेल्या रेघा. रोज सकाळी एक. तीन महिन्यांच्या किती रेघा होतील ते मी मोजून ठेवलं होतं. मायचा हिशेब वेगळा आहे हे मला ठाऊक नव्हतं.

शेजारच्या गयामावशीने अर्ध्या गावाची बाळंतपणं केली होती. शरीराचं जे काही मोडतं ते सव्वा महिन्यात भरून येतं, यावर तिचा विश्वास होता आणि तिचा विश्वास म्हणजे आमच्या गल्लीचा कायदा. "अख्खं लेकरू जलमाला घालणारी बाई सव्वा महिन्यात पाण्याला जाती," ती मायला म्हणाली. "हे तर एवढंसं हाड. डाक्टरला काय, त्याला बायका उठलेल्या कुठं म्हाईत."  चाळीसाव्या रेघेच्या सकाळी, अण्णा ड्यूटीवर गेल्यावर, तिने मला कडू लिंबाच्या पाण्याने न्हाऊ घातलं. बाळंतिणीला देतात तशी ओवा-शोपाची धुरी दिली. डिंकाचा लाडू भरवला. नवा परकर नेसवला. मग दोघींनी दोन्ही बगलेत हात घालून मला उभं केलं. "टेकव," गयामावशी म्हणाली.

मी टेकवला. मला तर टेकवायचाच होता. पुढचं काय सांगायचं. उन्हाचे रुपये सगळे एकत्र झाले आणि मी मायच्या अंगावर कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा तिचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या इतका जवळ होता की मला तो ओळखू आला नाही. गयामावशी निघून गेली होती. माय कुजबुजत होती, "अण्णाला सांगू नको माय माझी. सांगू नको." आपल्या लेकीला ती माय म्हणत होती.

मी सांगितलं नाही. दुखणं वाढलं तेव्हा थंडीवर ढकललं. अण्णांनी विचारलं तर वाचत असल्याचं सोंग केलं. आई आणि मुलीमधलं ते पहिलं गुपित होतं आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान वाटायचा. मी तिला वाचवते आहे, असं वाटायचं.

तीन महिने झाल्यावर आम्ही दोघीच औरंगाबादला गेलो, अण्णांना रजा मिळाली नाही. छोट्या रुळांची गाडी, कोळशाचा धूर, डब्यात सगळीकडे कापसाचे तंतू. एक्स-रे काढला. डॉक्टर पिकल्या केसांचे, हैदराबादेकडची हिंदी बोलणारे. त्यांनी फोटो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि मला विचारलं, "बेटी, बराबर बताना. बीच में पाँव टेका था क्या?" माय माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, जमिनीकडे पाहिलं.

"नहीं," मी म्हणाले. "बिलकुल नहीं."

मग त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. दाराला अर्धी झडप होती. तिच्या वरून मला मायची पाठ आणि डॉक्टरांचे हात दिसत होते. ते काहीतरी समजावत होते. त्यांनी टेबलावर दोन बोटं उभी केली आणि ती चालवली, सावकाश. मग भराभर पळवली, टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. मायने डोक्यावरचा पदर सारखा केला.

ती बाहेर आली तेव्हा मी कुबडी धरून उठलेच होते. काय म्हणाले, मी विचारलं. ती माझ्या शेजारी बसली. तिने माझा हात हातात घेतला, आणि तो तिने परतूर येईपर्यंत सोडला नाही.

"चाल म्हणले हळूहळू," ती म्हणाली. "पळायचं न्हाई आता. पळशील तर पुन्हा मोडंल म्हणले. जलमभर जपायचं."

ती दोन बोटं मी आयुष्यभर डोळ्यांपुढे ठेवली. टेबलाच्या कडेशी पोचून थांबलेली. मी पळाले तर काय होईल ते डॉक्टर तिला दाखवत होते, असं मला पक्कं ठाऊक होतं.

परतूरच्या फलाटावर अण्णा हिरवी झेंडी घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, पण उत्तर मायने दिलं. अण्णांनी झेंडी काखेत धरली आणि गाडी सुटून गेली तरी तशीच धरून उभे राहिले. त्यानंतर ते मला पुस्तकं आणू लागले. डब्यांत उतारू विसरून गेलेली मासिकं, पानं सुटलेल्या कादंबऱ्या, एकदा इंग्रजी शब्दकोश, 'बफेलो' या शब्दापर्यंतच उरलेला. गावातल्या वाचनालयात त्यांनी माझं नाव घातलं. मी वाचू लागले. पळता न येणाऱ्या मुलीने आणखी काय करायचं असतं. पुढे लोक म्हणायचे, पॉइंट्समनची पोर किती वाचते. त्यात माय सगळ्यात खूश असायची. ती माझ्यापुढे कंदील सरकवून बसायची आणि मी पान उलटलं की तिचा चेहरा सैल व्हायचा.

खेळाच्या बाई पुन्हा आल्या होत्या. मी आत होते, मायने त्यांना दारातच सांगितलं की डॉक्टरनं न्हाई म्हणलं. बाई म्हणाल्या, कागद बघू का. कागद दवाखान्यात ऱ्हायला, माय म्हणाली. बाई गेल्या. आषाढात नव्या संघाचा सराव सुरू झाला आणि स्टेशनच्या बाजूचा खांब बाईंनी नववीतल्या एका मुलीला दिला. वर्गाच्या खिडकीतून मी ते पाहिलं. त्या दिवसापासून मी बाईंशी बोलले नाही. त्यांनी शब्द दिला होता आणि मोडला होता. बाजारात त्या दिसल्या की मी दुसऱ्या बाजूने जायचे, कुबड्या सुटल्यावरही. एकदा त्यांनी मला लांबून हाक मारली, मी बांगड्यांच्या दुकानात शिरले. त्या बदलून गेल्या, पुढे त्या वारल्याचंही कुणाकडून तरी कळलं. तेव्हाही मला फारसं काही वाटलं नाही, कारण माझ्या मते दगा त्यांनी दिलेला होता.

कार्डावर शेवटी चार ओळी आहेत. अक्षर घाईचं, पण स्पष्ट. हाड चांगलं जुळलं आहे. आजपासून पाय टेकवून चालण्यास हरकत नाही. एका वर्षाने खिळे काढण्यासाठी यावे. त्यानंतर हळूहळू धावणे आणि खेळ सुरू करता येतील.

बोटं टेबलाच्या कडेशी थांबली नव्हती. टेबल संपलं होतं.

मी मायच्या बाजूने बोलून पाहते, दुसरं कोण बोलणार? तिनेच मला गाडीवर चढवलं. तिनेच सव्वा महिन्याने उभं केलं. अवेळी पाय टेकला तर हाड आतल्या आत मरतं, हे त्या झडपेमागे डॉक्टरांनी तिला सांगितलं असणार. तिसऱ्यांदा आपल्या हातून काही होऊ नये म्हणून तिने मला कायमचं खाली बसवलं. मला हे सगळं समजतं. समजल्याने काही हलकं होत नाही. तिला वाचवण्यासाठी मी डॉक्टरांशी खोटं बोलले, आणि दहा मिनिटांत, त्याच बाकावर, ती माझ्याशी खोटं बोलली. माझं खोटं एका दिवसापुरतं होतं.

बी.एड.ला असताना एकदा सुटणाऱ्या एसटीमागे मी पंधरा-वीस पावलं पळाले होते. दांडा धरला, चढले, काही मोडलं नाही. नंतर आठ दिवस मीच घाबरून पाय चाचपत होते. घरी आल्यावर मी ते मायला सांगितलं नाही, उगाच तिच्या जिवाला घोर.

तो जुना एक्स-रे घेऊन मी जालन्यातल्या एका तरुण डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नवा फोटो काढला आणि दोन्ही शेजारी लावले. आता खिळे निघणार नाहीत, हाडाने त्यांना धरून टाकलं आहे, काढायला गेलं तर हाडच फुटेल, म्हणाले. मग सहज विचारलं, "तेव्हाच का नाही काढले, मॅडम?"

"राहून गेलं," मी म्हणाले. म्हणजे अजूनही मी तिला वाचवतेच आहे.

तिने ते कार्ड का ठेवलं असेल, याचा मी खूप विचार करते. जाळायला एक क्षण पुरला असता. पण लिहिलेला कागद आमच्या घरात जाळत नाहीत. पिशवी फाटली की ती नवी घेत असणार, दोरा बदलत असणार. वाण्याचा प्रत्येक कागद माझ्यापुढे धरून "काय लिवलंय, वाच" म्हणणाऱ्या बाईने हा एकच कागद मला कधी वाचायला दिला नाही. त्यात काय आहे ते तिला न वाचताच ठाऊक होतं.

गेल्या वर्षीच्या हंगामातली एक दुपार आहे. कळ आली होती. मी पालथी पडले होते आणि ती नेहमीसारखी तेल चोळत होती. हातात जोर राहिला नव्हता, नुसताच तळहात फिरत होता. मध्येच तो थांबला.

"रत्ने," ती म्हणाली, "तुला अजून पळू वाटतं का गं?"

मला हसू आलं. मला निवृत्त होऊन किती वर्षं झाली. तिला वाईट वाटू नये म्हणून मी म्हणाले, "न्हाई माय. कधीच न्हाई वाटलं."

खुब्यावरचा तिचा हात हळूच वर सरकला. मग म्हणाली, "मंग बरं."

त्या वेळी माझं तोंड भिंतीकडे होतं. मागचं मला दिसत नव्हतं. तिचा नुसता हात माझ्या पाठीवर होता, ती उठून गेली तोपर्यंत.